डायरीत 900 शब्द, तोंडात एकही नाही

आमच्याच तालुक्यातल्या एका पोरीनं विचारलंय. तिचं म्हणणं थोडक्यात असं की बीए झालं, बँकेची आणि एसएससीची (दहावी नव्हे, केंद्र सरकारच्या नोकरभरतीची परीक्षा) तयारी सुरू आहे, रोज 20 इंग्लिश शब्द मराठी अर्थासकट डायरीत लिहून पाठ करते, आतापर्यंत 900 झाले, पण पेपरात शब्द दिसला की चेहरा ओळखीचा वाटतो, अर्थ काही आठवत नाही, आणि वाक्यात वापरायला गेलं की क्लासचे सर लाल रेघ मारतात. तर आता मराठी अर्थ बंद करून इंग्लिश-टू-इंग्लिश डिक्शनरी घेऊ का, व्याख्या पाठ करू का, की नुसती उदाहरणाची वाक्यं करू?

आधी आखूड उत्तर देऊन टाकतो. व्याख्या वाच पण पाठ करू नको. वाक्य पाठ कर पण ते तुझं स्वतःचं पाहिजे. आणि मराठी अर्थ फेकून देऊ नको, त्याची जागा बदल. आता हे असं का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

मी 24 वर्षं इंग्लिश शिकवतो, त्यातली बरीच वर्षं टिनाच्या शेडमध्ये, उन्हाळ्यात सकाळी सातची बॅच कारण दहानंतर त्या शेडमध्ये माणूस बसू शकत नाही. तुझ्यासारखंच मीही मराठी अर्थ घोकूनच शिकलो. आणि त्याचा फटका पहिल्याच इंटरव्ह्यूत बसला. एका शाळेत गेलो होतो, समोर तिघं जण, मी आदल्या रात्री वाक्य पाठ केलेलं. मला म्हणायचं होतं की मुलांना शिकवायला मी फार उत्सुक आहे. डिक्शनरीत 'अँक्शस' समोर दोन अर्थ होते, चिंतातुर आणि उत्सुक, मी दुसरा उचलला आणि ठोकून दिलं, आय ॲम व्हेरी अँक्शस अबाउट टीचिंग चिल्ड्रन. मधल्या मॅडम चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, कायची चिंता आहे तुम्हाला, पोरांची का स्वतःची? बाकीचे दोघं हसले. नोकरी काही लागली नाही. पुढे कधीतरी कळलं की डिक्शनरी खोटं बोलली नव्हती, 'अँक्शस टू टीच' म्हटलं असतं तर चाललं असतं, 'अबाउट' लावलं की ती काळजी होते. पण हे त्या दोन मराठी शब्दांच्या यादीत कुठं लिहिलेलंच नव्हतं. ते कळतं फक्त वाक्यातून.

तुझ्या डायरीतलाच शब्द घेऊ, तू फोटो पाठवलाय त्यात 'रिलक्टंट' आहे, समोर लिहिलंय 'नाखूष'. आणि खाली तू केलेलं वाक्य, आय ॲम रिलक्टंट विथ माय रिझल्ट. तुझ्या बाजूनं विचार केला तर चूक काहीच नाही, निकालावर माणूस नाखूष असतोच. पण इंग्लिश डिक्शनरी उघड, ती काय सांगते? एखादी गोष्ट करायची मनातून इच्छा नाही, किंवा ती बरोबर आहे का याची खात्री नाही, म्हणून करण्याआधी थबकणारा. म्हणजे यात समोर एक काम लागतं. झालेल्या गोष्टीवर माणूस रिलक्टंट नसतो, करायच्या गोष्टीला असतो. मी वर्गात हे समजवायला बैल आणतो. आमच्या नाल्याला पूर आला की बैल काठाशी येऊन थांबतो, पुढचा पाय उचलतो, वास घेतो, परत ठेवतो. कास्तकार शेपटी पिळतो, शिव्या देतो, मग कुठं तो उतरतो. द बुलक वॉज रिलक्टंट टू क्रॉस द स्ट्रीम. पोट्ट्यांना एकदा हा उचललेला पाय दिसला की 'रिलक्टंट टू' मधला तो 'टू' वेगळा शिकवावा लागत नाही. (बैलाला 'बुलक' म्हणतात बरं, 'बुल' म्हणजे सांड, हाही फरक व्याख्येनंच कळतो.)

तर व्याख्येचं काम काय, शब्दाचा धुरा दाखवणं. वावर कुठवर आपलं आणि कुठून शेजाऱ्याचं. मराठी अर्थ तुला वावरापर्यंत नेऊन सोडतो, पण धुरा दाखवत नाही.

याची उलटी बाजूही पाहून घे. आपला 'कडक' शब्द घे. कडक चहा, कडक ऊन, कडक मास्तर, कडक भाकर, बँकेतून आणलेली कडक नोट. आपल्याला सगळं एकच वाटतं. इंग्लिशमध्ये चहा स्ट्राँग, ऊन स्कॉर्चिंग, मास्तर स्ट्रिक्ट, भाकर हार्ड, आणि नोट क्रिस्प. आता तू 'स्ट्रिक्ट = कडक' असं डायरीत लिहिलंस तर एक दिवस पाहुण्यांना स्ट्रिक्ट चहा पाजशीलच. आणि पाऊस? आपल्याकडे जोराचा पाऊस, जोराचा वारा. इंग्लिशमध्ये पाऊस हेवी आणि वारा स्ट्राँग. का असं विचारू नको, कारण नाही, संगत आहे. कोणता शब्द कोणासोबत उठतो-बसतो हे व्याख्याही सांगत नाही, ते उदाहरणाचं वाक्यच सांगतं. म्हणून दोन्ही लागतात.

आता डिक्शनरी कोणती. 'लर्नर्स' असं लिहिलेली घे, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी बनवलेली. मोठ्या, इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या डिक्शनरीत एक सोपा शब्द शोधायला गेलं की व्याख्येत चार अवघड शब्द भेटतात, मग ते चार शोधा, संध्याकाळ होते आणि मूळ शब्द कोणता होता तेच आठवत नाही. ही अडचण फार जुनी आहे आणि गंमत म्हणजे तिच्यावर पहिला मोठा उपाय आपल्याच बाजूला काम केलेल्या माणसानं काढला. मायकेल वेस्ट म्हणून होते, ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण कॉलेजचे प्राचार्य. बंगालच्या पोरांना इंग्लिश वाचताना काय जड जातं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी 1935 साली डिक्शनरी काढली, तिच्यातल्या सगळ्या व्याख्या फक्त 1,490 शब्दांत लिहिलेल्या. तेवढे शब्द आले की पूर्ण डिक्शनरी वाचता येते. नंतर हॉर्नबी, ते जपानात शिकवायचे, त्यांची डिक्शनरी 1942 मध्ये तिथंच निघाली, 1948 मध्ये ऑक्सफर्डनं छापली, आज जिला सगळे ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स म्हणतात ती हीच. 1978 ला लाँगमननं साधारण 2,000 शब्दांत व्याख्या बसवल्या. म्हणजे या डिक्शनऱ्या मुळात आपल्यासारख्यांसाठीच, घरी इंग्लिश न बोलणाऱ्यांसाठीच निघाल्या. आपणच त्यांना घाबरतो.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती 1987 ची कोबिल्ड, कॉलिन्स आणि बर्मिंगहॅम विद्यापीठानं मिळून केलेली. तिच्यात व्याख्या तुकड्यात नसते, पूर्ण वाक्यात असते, 'जर तुम्ही अमुक करत असाल तर तुम्ही तमुक करता' अशा थाटात. माझी आजी असंच सांगायची. तिला विचारलं डवरणी म्हणजे काय तर ती 'पिकाच्या ओळींमधील आंतरमशागत' असं थोडीच म्हणणार, ती म्हणायची, "पऱ्हाटी वितभर झाली का दोन तासाच्या मधून डवरा फिरवतेत बावा, गवत मरते अन् मातीची भर लागते, त्याले डवरणी म्हणतेत." कोण करतं, कधी करतं, कायले करतं, सगळं आलं. चांगली व्याख्या अशीच असते, आणि तू वाचलेली व्याख्या मनात या आजीच्या भाषेत वळवायची, हा तुझा अभ्यास. डिक्शनरी मिट, आणि शेजारच्या पोरीला सांगितल्यासारखं मोठ्यानं सांग. मराठीत सांगितलं तरी चालेल सुरुवातीला. पुस्तकातली व्याख्या शब्दाला शब्द पाठ करणं म्हणजे शब्द पाठ करण्यापेक्षाही वाईट, वीस शब्दांचं ओझं एका शब्दासाठी.

पण एक सांगतो, प्रत्येक शब्दाला व्याख्या लावायच्या भानगडीत पडू नको. तूर म्हणजे पिजन पी, सरकी म्हणजे कॉटनसीड, संपला विषय. गायीची इंग्लिश व्याख्या कधी वाच, गाय ओळखता येणार नाही. जी वस्तू डोळ्यासमोर उभी राहते तिला मराठी शब्द पुरतो. व्याख्या लागते ती न दिसणाऱ्या शब्दांना, रिलक्टंट, अव्हॉइड, अफेक्ट, ॲडमिट, क्लेम, असल्यांना. आणि अजून एका जातीच्या शब्दांना लागते, जे आपण रोज वापरतो म्हणून आपल्याला येतातच असं वाटतं. इथं सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते. आपल्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, एव्हरी मंथ माय मदर गोज टू कंट्रोल. मी त्याला म्हटलं, कोणाला कंट्रोल करायला जाते रे तुझी माय? हॉटेल म्हणजे आपल्याला स्टँडवरची चहा-पोह्याची टपरी, इंग्लिशमध्ये मुक्कामाची जागा. लाईट गेली म्हणजे आपली वीज गेली, 'द लाइट हॅज गॉन' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल दिवस मावळला. आणि जिन! एका पोरीचे वडील कापसाच्या जिनात कामाला, तिनं मोबाईलवर जिन शोधलं तर पहिला अर्थ निघाला दारू. ती दोन दिवस गप्प होती. मग मी तिला खालचा दुसरा अर्थ दाखवला, सरकी आणि रुई वेगळी करायचं यंत्र, आणि तो शब्द मुळात 'एंजिन'चा शेवटचा तुकडा आहे. म्हणून सांगतो, डिक्शनरीत पहिल्या अर्थावर थांबायचं नाही, आपलं वाक्य ज्याच्याशी जुळतं तिथवर खाली जायचं.

घरात इंग्लिश नाही, वाचायला काही नाही, असं तू लिहिलंयस. आहे ना. फवारणीच्या औषधाचा डबा घे, रिकामा नको, हात लावू नको, कृषी केंद्रात कपाटात ठेवलेला असतो त्याच्यावरचं वाच. त्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे एक्स्ट्रीमली टॉक्सिक, पिवळा हायली, निळा मॉडरेटली, हिरवा स्लाइटली. आणि शब्दही उतरत येतात, लाल आणि पिवळ्यावर पॉयझन, निळ्यावर डेंजर, हिरव्यावर कॉशन. आपण मराठीत सगळ्याला एकच म्हणतो, 'जहर आहे, जपून'. इंग्लिशनं चार पायऱ्या केल्या. एवढ्या एका लेबलवर सात-आठ शब्द मिळाले, त्यांचा आपसातला चढ-उतार मिळाला, आणि हे परीक्षेत कामाचं आहे की नाही ते सोड, यवतमाळ जिल्ह्यात 2017 ला फवारणीच्या विषबाधेत किती घरातली माणसं गेली ते आपल्याला माहीत आहे. हे शब्द तुझ्या घरात कोणाला तरी वाचता आलेच पाहिजेत. 'मॉडरेटली' हा शब्द ज्यानं त्या निळ्या त्रिकोणावर पाहिला तो त्याला क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात, विसरत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता वाक्य. बाजारात मिळणाऱ्या व्होकॅबच्या पुस्तकांतली उदाहरणं बहुतेक बेकार असतात, हे माझं मत आहे, कोणाला राग आला तर येऊ दे. 'ही इज अ रिलक्टंट मॅन.' यातून काय कळलं? तिथं आळशी टाक, लंबा टाक, काहीही टाक, वाक्य तसंच उभं राहतं. माझी कसोटी साधी आहे, शब्दावर बोट ठेव आणि उरलेलं वाक्य वाच, शब्द अंदाजानं ओळखता आला तर वाक्य चांगलं. माय ग्रँडमदर वॉज बोटाखाली टू सेल द ओल्ड काऊ, बट वी नीडेड मनी फॉर सीड्स. बियाण्याला पैसा पाहिजे 'पण' आजी गाय विकायला... आता इथं दुसरा शब्द बसवून दाखव. 'पण', 'कारण', 'म्हणून', 'तरी' असलं काहीतरी वाक्यात असलं की ते शब्दाला दोन्हीकडून आवळून धरतं. म्हणून पोट्ट्यांना मी सांगतो, वाक्यात एक 'बट' नाहीतर 'बिकॉज' असल्याशिवाय मला दाखवायचं नाही.

आणि वाक्य लिहिताना शब्दाचा मागचा डबा सोडू नको. अव्हॉइडच्या मागं आयएनजी लागतं, अव्हॉइड गोइंग, 'अव्हॉइड टू गो' नाही. डिस्कसच्या मागं 'अबाउट' येत नाही, आपण 'विषयाबद्दल चर्चा' करतो म्हणून तो आपोआप घुसतो. मॅरीच्या मागं 'विथ' नाही, आपण 'तिच्याशी' लग्न करतो, ते फक्त तिला मॅरी करतात. बॉरो आणि लेंड तर कायमचे. आपल्याकडे उसनं हा शब्द दोघांना सामायिक, फक्त घेणं-देणं बदलतं, तिकडं शब्दच दोन. शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला आली तर ती बॉरो करते, तुझी माय लेंड करते. वाटी कुठून कुठं चालली ते डोळ्यापुढं आण, मग बोल. एसएससीच्या चुका ओळखायच्या प्रश्नांत यातलंच काहीतरी फिरून फिरून येतं, नियम पाठ न करता वाक्य कानात बसलं असेल तर चूक खड्यासारखी दातात लागते.

विसरण्याबद्दल. रोज 20 फार झाले, 5 कर. तू म्हणशील पाचनं काय होते. पाच शब्द वर्षाला 300 दिवस म्हणजे 1,500, आणि ते राहिलेले, वाहून गेलेले नाहीत. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त गळतं ते सुरुवातीलाच, पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात, नंतर गळती हळू होते. म्हणजे ज्या शब्दाची उजळणी दुसऱ्या दिवशी झाली नाही तो गेला समज. तुझ्या डायरीचा दोष हाच आहे, ती पुढं पुढं जाते, मागं येत नाही, आणि आलीच तर शब्द आणि अर्थ शेजारी शेजारी लिहिलेले, डोळा अर्थाकडे आधी जातो आणि मनाला वाटतं मले येते. येत नाही, दिसते.

डायरी ऐवजी चिठ्ठ्या कर. कार्ड विकत आणू नको, घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील, त्यांची मागची बाजू कोरी असते, एका पत्रिकेचे चार तुकडे. एका बाजूला तुझं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ, त्याखाली दोन-चार शब्दांत व्याख्या. मागच्या बाजूला शब्द, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात मराठी. मराठीची जागा ही, शेवटी, खात्री करायला. चपलेच्या खोक्यात पुठ्ठा लावून तीन खण. नवीन चिठ्ठी पहिल्या खणात, तो रोज काढायचा. बरोबर आली की दुसऱ्या खणात, तो आठवडी बाजाराच्या दिवशी. तिथंही आली की तिसऱ्यात, तो पौर्णिमेला. चुकली की कुठूनही असो, सरळ पहिल्या खणात. ही खोक्याची पद्धत लाइटनर नावाच्या माणसानं 1972 मध्ये पुस्तकात लिहिली, बाजाराचा दिवस आणि पौर्णिमा माझी. मोबाईलवर यासाठी ॲप आहेत, चांगले आहेत, पण ॲप उघडायला गेलं की रील उघडतं, तुझं तू पाहा.

एक पोरगा होता, उन्हाळ्यात विहिरीवर मोटार चालू करून बसायचा, रात्रीची लाईट असायची ना थ्री फेजची, पाणी दांडाला लागेपर्यंत चिठ्ठ्या. एकदा मला म्हणाला, "सर, तो शब्द मले माईत आहे, पण आठवूनच नाही राहिला." मी म्हटलं, चिठ्ठी पालटू नको, दहा सेकंद थांब. तो थांबला, डोळे मिटले, आणि "डिप्लीट!" असा ओरडला की कुत्रं उठून उभं राहिलं. विहिरीचं पाणी उपसून उपसून आटत जातं, त्याचं वाक्य होतं त्याचं. ते दहा सेकंद फार महत्त्वाचे आहेत, आठवायला जो जोर लागतो त्यानंच शब्द रुततो. लगेच पालटून पाहिलं तर काही उपयोग नाही.

उच्चाराचं एकच. मी इथं सगळं देवनागरीत लिहितोय म्हणून तू पण डायरीत देवनागरीत लिहून काढशील, नको. कर्जाला 'डेट' म्हणतात पण स्पेलिंगमध्ये बी आहे, पावतीला 'रिसीट' आणि त्यात पी आहे, दोन्ही मुकाट बसलेले. स्पेलिंग इंग्लिशमध्ये लिही आणि उच्चार मोबाईलच्या डिक्शनरीत स्पीकर दाबून ऐक, तोही तीनदा, आणि तोंडानं म्हण. घरचे हसले तर हसू दे.

कोणत्या शब्दापासून सुरू करायचं? वेस्टसाहेबांनीच 1953 मध्ये रोजच्या कामाच्या साधारण 2,000 शब्दांची यादी काढली होती, साध्या लिखाणातले शंभरातले जवळपास 80 शब्द तेवढ्यातच येतात. ते आधी पक्के पाहिजेत, त्यांच्याशिवाय व्याख्या वाचता येणार नाहीत. क्लासवाले 'गार्रुलस' आणि 'ऑब्स्टिनेट' पासून सुरुवात करतात कारण ते अवघड दिसतं आणि फी वसूल वाटते. समानार्थी शब्दांसाठी तेही लागतील, पण परीक्षेच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत, मागच्या पेपरांतून.

आणि त्या 900 शब्दांच्या डायरीचं काय करायचं, तू विचारलं नाहीस पण मनात असेल. जाळू नको. पेन्सिल घे, रोज दोन पानं. मराठी बाजू हातानं झाक, शब्द पाहून तोंडी वाक्य कर. झालं तर टिक. अर्थ माहीत आहे पण वाक्य होत नाही, त्याची चिठ्ठी बनव. काहीच आठवत नाही आणि तो शब्द पेपरात किंवा वाचनात परत कधी भेटलाही नाही, त्यावर सरळ काट मार, कामाचा असेल तर येईल परत स्वतःहून. माझा अंदाज आहे तुझ्या चिठ्ठ्या दोनशे-अडीचशेच्या वर जाणार नाहीत. पहिल्या दहा झाल्या की फोटो पाठव, मी पाहून देतो. रिलक्टंटची चिठ्ठी करशील त्यात बैल टाकू नको मात्र, बैल माझा आहे, तुझं काहीतरी शोध.